पापणीचं जाळीचं कपाट : आठ महिन्यांच्या नोंदी

जानेवारी

गेको, म्हणजे पालीचा एक प्रकार, पाळण्याबद्दल परदेशात लिहिलेलं काहीही वाचायला घ्या, खरेदीच्या यादीत हीटर अगदी वर असतो. आमचं घर कोथरूडला, शेवटचा मजला, डोक्यावर गच्ची. इथे एप्रिलमध्ये हीटर लावायचा म्हणजे चुलीपाशी बसलेल्याला शेकोटी पेटवून देण्यासारखं. त्यातून माझी पापणी क्रेस्टेड गेको, मूळची न्यू कॅलेडोनियाच्या बेटांवरची. तिला २२ ते २६ अंश मानवतात. २८ च्या वर पारा रेंगाळला की ती कावते, आणि ३० च्या पुढे बराच वेळ गेला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून या नोंदींत ऊब देण्याबद्दल काही सापडणार नाही. सगळी धडपड गारव्याची आहे.

नावाचं विचारणारे बरेच, म्हणून एकदाच सांगते. या जातीला मिटणाऱ्या पापण्या नसतात, डोळा जिभेने चाटून साफ करते. पण डोळ्यावर काट्यांची झालर असते, ती अगदी पापणीच्या केसांसारखी दिसते. शास्त्रीय नावातलं 'सिलिएटस' त्यावरूनच. ही जात नामशेष झाली असं समजलं जात होतं, १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. भाचीने एवढं सगळं ऐकून घेतलं आणि नाव ठेवलं, पापणी. वजन सध्या ३८ ग्रॅम.

तिचं घर बांधायला नवी काचेची टाकी घेणार होते, पण जिन्याखाली आईच्या माहेरचं जाळीचं कपाट धूळ खात पडलं होतं. फ्रिज येण्याआधी दूध-दही-तूप ठेवायचे ते. सागवानी चौकट, तिन्ही बाजूंनी जाळी, आत तीन फळ्या. उंची चार फूट, रुंदी २६ इंच, खोली १८ इंच. झाडावर राहणाऱ्या प्राण्याला उंचीच हवी असते, त्यामुळे मोजमाप घेतल्यावर मला राहवेना.

आई म्हणाली, "तुझी पणजी त्यात साय ठेवायची. तू पाल ठेवणार?"

दोन दिवसांनी स्वतःच म्हणाली, "ने. जिन्याखालची अडगळ तरी जाईल."

कपाटाला ऑइलपेंटचे तीन थर होते, सगळ्यात आतला हिरवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासला नाही. रिमूव्हर लावून, ओला ठेवून, मास्क घालून पत्र्याने खरवडला. चार रविवार गेले. जाळी गंजलेली होती, ती काढून बोहरी आळीतून स्टेनलेस स्टीलची आणली. प्लॅस्टिकची घेऊ नका, खाऊ म्हणून सोडलेले रातकिडे ती कुरतडून बाहेर येतात आणि मग घरात तुमची बाजू घेणारं कोणी उरत नाही.

फेब्रुवारी

तिन्ही बाजूंना जाळी ठेवली तर ओलावा टिकत नाही, सगळीकडे काच लावली तर हवा कोंडते. मी दाराला आणि उजव्या बाजूला ५ मिलिमीटरची काच बसवली, पाठीला प्लाय ठोकला. डावीकडे खालचे आठ इंच जाळी ठेवून वर काच घेतली, आणि छत पूर्ण जाळीचं केलं. हवा खालून शिरते, वरून निघते. आतल्या लाकडाला इपॉक्सीचे दोन हात दिले आणि कपाट दहा दिवस गॅलरीत उघडं ठेवलं.

आता माझा मूर्खपणा. काचा सिलिकॉनने बसवून झाल्या, आणि रात्री रिकामी नळी कचऱ्यात टाकताना शंकेची पाल चुकचुकली. लेबल नीट वाचलं. 'बुरशीरोधक, बाथरूमसाठी'. दुकानदाराने "सगळं एकच असतं ताई" म्हणून दिलं होतं आणि मीही पैसे देऊन मोकळी झाले होते. त्यातलं बुरशीनाशक अशा प्राण्याच्या घरात नकोच. सगळ्या काचा ब्लेडने सोडवल्या, सांध्यातला कण न् कण खरवडला, आणि मत्स्यालयाचं सिलिकॉन आणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ते सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो. आठवडाभराने कपाटात डोकं घालून वास घेतला, आणि तो पूर्ण गेल्यावरच पुढचं काम हातात घेतलं.

पाठीला फोम फवारून, पावाच्या सुरीने कोरून, त्यावर सिलिकॉन आणि कोकोपीट थापलं. याबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, मी नवीन काही केलं नाही.

मार्च

मजले. खरी मजा यात आली.

मूळच्या तीन फळ्या टाकून द्यायला मन होईना. प्रत्येक फळी काटकोनात कापली आणि एक डावीकडे, एक उजवीकडे, एक मागच्या कोपऱ्यात अशी चढत्या क्रमाने लावली. जुन्या वाड्यातला जिना वळत जातो, तसं. मधे बांबू आणि बुचाच्या सालीचे पूल. हिशेब एवढाच ठेवला की कुठूनही सुटली तरी दीड फुटापेक्षा जास्त मोकळी पडू नये. क्रेस्टेड उडी बेधडक मारते, पण अंदाज चुकतो. आणि घाबरून शेपूट टाकली तर संपलं, आपल्या घरच्या पालीसारखी तिची पुन्हा उगवत नाही.

आडव्या जागा मुद्दाम जास्त दिल्या. नुसत्या उभ्या काचा असल्या की गेको काचेवर उलटी लटकून झोपते, शेपूट पाठीवर लोंबायला लागते आणि कालांतराने कमरेचं हाड वाकडं होतं, असा अनेकांचा अनुभव आहे. पापणीच्या जुन्या डब्यात ती अशी झोपायला लागली होती, म्हणून हा सगळा घाट.

झाडांमध्ये खिडकीतलाच मनी प्लांट, एक बर्ड्स नेस्ट फर्न आणि दोन पेपरोमिया. नर्सरीतली झाडं थेट आत लावू नका, फवारणी झालेली असते. मुळांची माती पूर्ण धुतली, पानं पुसली, महिनाभर बाहेर ठेवली. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर जाळी, मग कोकोपीट, माती आणि कोळशाचं मिश्रण. साफसफाईला स्प्रिंगटेल, म्हणजे बुरशी आणि कुजकं खाणारे बारीक किडे, सोडले.

पंखा आणि थर्मोस्टॅट तपकीर गल्लीतून आणले. पंखा म्हणजे कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा, खालच्या जाळीवर, हवा आत ढकलणारा.

एप्रिल

कसब्यातल्या कुंभारवाड्यात गेले. दोन मडकी हवी होती, एकात एक बसणारी. मधल्या फटीत वाळू भरायची, वाळू ओली ठेवायची. बाहेरच्या मडक्यातून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं, आणि आतलं मडकं गार पडतं. माठाचंच तत्त्व, पाण्याऐवजी आत पाल. कुंभारकाकांना कशाला हवं ते सांगितलं नाही, फक्त गेरू न लावलेलं आणि जास्त पाझरणारं द्या म्हटलं. त्यांनी बोटाच्या पेराने टकटक करून एक बाजूला काढलं. म्हणाले, या मातीत भुसा जास्त आहे, भाजताना तो जळतो आणि बारीक भोकं राहतात.

पहिल्यांदा ही जोडी मधल्या फळीवर ठेवली, दिसायला झकास. ओल्या वाळूसकट वजन किती होतं याचा हिशेब मात्र केला नाही. रात्री दोनला धडाम. ब्रॅकेट उखडलं, बाहेरचं मडकं फुटलं, फर्न गेला. पापणी तेव्हा एसीच्या खोलीत तिच्या जुन्या डब्यात होती, नाहीतर आज हे लिहीत बसले नसते. नवं घर निदान महिनाभर रिकामं चालवून बघा, हे मी कळवळून सांगते आहे.

दुसरी जोडी तळाशी ठेवली. मग लक्षात आलं की तिची जागा तीच होती, गार हवा खालीच बसते. दोन मडक्यांच्या फटीवर बुचाची कडी बसवली, म्हणजे पाय अडकायला नको. २४ एप्रिल, दुपारी तीन वाजताचे आकडे : खोली ३५.१, वरचा मजला ३३.९, मधला ३१.८, तळ २९.२, मडक्याच्या आत २६.४.

आकडे बघून मी खुर्चीवरून उठून आईला हाक मारली. तिने हात घालून बघितलं आणि म्हणाली, "वाळा टाक थोडा."

तरीही नुसत्या मडक्यावर भागणार नाही. वरचे दोन मजले उन्हाळी दुपारी राहण्याजोगे नव्हतेच. त्यामुळे ठरवलं की एप्रिल-मेमध्ये दुपारी एक ते पाच एसी लागणारच. मडकं ही वीज गेली तर हाताशी असावी अशी सोय. पंख्याला म्हणूनच छोटी बॅटरी जोडली.

मे

दहा तारखेनंतर मडक्याच्या आतला आकडा २८ च्या खाली येईना. पंखा ठीक, वाळू ओली. शेवटी मडकं बाहेर काढलं तर पोटावर पांढरी खरखरीत साय. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, पाणी जड. क्षारांनी भोकं बुजली होती. काथ्याने घासलं, व्हिनेगरमध्ये ठेवलं, आठ दिवस साध्या पाण्यात बुडवून पाणी बदलत राहिले. थोडा फरक पडला, पूर्ण नाही. नवं आणायला गेले तेव्हा कुंभारकाका म्हणाले, "माठ दर उन्हाळ्याला नवाच घ्यायचा असतो, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?" आता वाळूत आरओचं पाणी घालते.

जून ते ऑगस्ट

पहिले दोन पाऊस झाल्यावर, १६ जूनला पापणी आत गेली. पहिले तीन दिवस दिसलीच नाही. चौथ्या रात्री अकराच्या सुमारास वरच्या फळीवरच्या वाटीत तोंड खुपसून बसलेली सापडली. खाण्याची पूड पाण्यात कालवून रात्री ठेवते, सकाळी उचलते, नाहीतर आंबते. त्या गोड वासाला मुंग्या लागणार हे उघड होतं. त्यावरचा उपाय कपाटासोबतच आला होता : चार पायांखाली पाण्याच्या चार वाट्या. एकही मुंगी वर चढली नाही. फक्त वाट्यांतलं पाणी दर दोन दिवसांनी बदला, पुण्यात डेंग्यूचे डास पाळायचे नाहीत.

डासांवरून आठवलं. कॉइल, लिक्विडचं मशीन आणि सोसायटीची फवारणी, तिन्हीपासून कपाट लांब ठेवा. त्यातली पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं सरपटणाऱ्यांना धोक्याची. आम्ही त्या खोलीच्या खिडकीलाच जाळी बसवली.

पावसात गणित उलटं झालं. बाहेरच हवा इतकी ओली की मडक्यातून पाणी उडतच नाही, आणि खोली २५ अंशांवर असल्याने गारव्याची गरजही नाही. मडकं कोरडं करून ठेवलं. आता भांडण बुरशीशी. जुलैत आर्द्रता ८५ च्या खाली उतरेना, बांबूवर पांढरं कापसासारखं आलं. पाणी फवारणं संध्याकाळी एकदा, तेही काचेपुरतं, आणि पंखा दर तासाला पंधरा मिनिटं. दिवसा ६० पर्यंत उतरतं, रात्री चढतं, तिला तसंच लागतं. बांबू मात्र काढून टाकले, त्या जागी पेरूच्या वाळक्या फांद्या आल्या.

कोरड्या पडलेल्या मडक्यात ती आता दिवसभर झोपते. बुचाची महागडी गुहा, जी मी तिच्यासाठी खास मागवली होती, तिच्याकडे ढुंकूनही बघितलेलं नाही.

राहिलेली कामं : दाराची कडी ढिली आहे, वरच्या मजल्यावर एक फांदी कमी पडते, आणि फेब्रुवारी संपायच्या आत कुंभारवाड्यात दोन जोड्या सांगून ठेवायच्या आहेत.