सरांच्या बंदिशी गोळा करताना

सर गेल्यावर शोकसभेत जो उठला तो हेच म्हणाला की सरांचं काम जपलं पाहिजे. हे काम नक्की कुठे आहे आणि कुणाकडे आहे, हे मात्र कुणालाच सांगता आलं नसतं. आयुष्यभर त्यांनी संगीत विभागात शिकवलं, बंदिशी (रागात गायच्या छोट्या रचना) बांधल्या, पण छापलं काहीच नाही. थोड्या दिवसांनी काकूंनी मला बोलावून कपाट उघडून दाखवलं. आत वह्या होत्या, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर लिहिलेल्या बंदिशी होत्या आणि कॅसेटींचे डबे होते. "आता तुम्ही मुलांनीच काय ते बघा," एवढंच त्या म्हणाल्या.

कंटाळवाणं काम आधी उरकलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात बंदिशीचे शब्द आणि तिची चाल यांचे हक्क वेगवेगळे आहेत, आणि स्वरलिपी, म्हणजे कागदावर लिहिलेले स्वर, चालीच्या हक्कातच येते. रचनाकार गेल्यावर हे हक्क वारसांकडे जातात आणि साधारणपणे ६० वर्षं टिकतात. म्हणून काकू आणि दोन्ही मुलांची लेखी परवानगी घेतली. शिष्यांचा जीव कितीही जडलेला असो, हक्क शिष्यांकडे येत नाहीत. हे सुरुवातीलाच सगळ्यांच्या कानावर घातलं ते बरं झालं, कारण दोघातिघांचा सूर 'ही बंदिश सरांनी मला दिली होती' असाच होता.

मग कॅसेटी. हाती आलेल्या प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेच्या प्लास्टिकच्या खिट्ट्या आधी मोडून टाकल्या, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जात नाही. काही कॅसेटींत फितीमागचा फेल्टचा तुकडा गळून पडला होता. तो नसला की फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबका येतो. अशा फिती दुसऱ्या, स्क्रूच्या कॅसेटमध्ये हलवल्या. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये, वेव्ह फाइल करून ठेवलं. एमपीथ्री फक्त एकमेकांना पाठवण्यापुरती. जागा वाचवायला ती आवाजातला काही भाग टाकून देते आणि तो पुन्हा मिळत नाही.

खरी गंमत पट्टीची, म्हणजे पेटीवरच्या ज्या सुराला सा धरून गायचं त्याची. सर काळी एकमध्ये गायचे, पण एका कॅसेटवर ते चक्क अर्धा स्वर वर, पांढरी दोनमध्ये गाताना सापडले, आणि कॅसेट संपत आली तशी पट्टी आणखी चढत गेली. रेकॉर्ड करताना टेपरेकॉर्डरच्या बॅटऱ्या उतरत चाललेल्या असणार. तेव्हा फीत हळू फिरली, म्हणून आता बरोबर वेगाने वाजवली की सगळंच चढं ऐकू येतं. अर्ध्या स्वराचा फरक म्हणजे वेगात जवळजवळ ६ टक्क्यांचा फरक. पेटीचा षड्ज (सा) धरून तुकड्या-तुकड्याने वेग सुधारत गेलो, तेव्हा कुठे सरांचा आवाज सरांसारखा वाटायला लागला.

तो आवाज पहिल्यांदा खोलीत आला तेव्हा मी मशीन बंद केलं होतं. कॅसेटींवर गाणं कमी, शिकवणंच जास्त. "समेकडे धावू नकोस, ती कुठे पळून जात नाही." (सम म्हणजे तालाची पहिली मात्रा.) खोकला, तंबोऱ्याची खुंटी पिळल्याचा आवाज, मांडीवरचा ठेका. त्यानंतर कॅसेटी एकटीने ऐकायच्या नाहीत असं ठरवलं. माझा धाकटा गुरुबंधू यायला लागला. तो लेव्हल सांभाळायचा आणि मी कितव्या मिनिटाला काय आहे ते लिहायची. हाताला काम असलं की ऐकणं निभतं. रडू यायचंच, पण नोंद चुकायची नाही.

वह्या त्याहून अवघड निघाल्या. स्वर लिहायच्या दोन पद्धती आहेत, पलुस्करांची आणि भातखंड्यांची. सर आधी पलुस्कर पद्धतीने लिहायचे, पुढे विभागात शिकवायला लागल्यावर भातखंडे पद्धतीने. भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब असलं की तार सप्तक, आणि पलुस्करांच्या लिपीत तेच टिंब मंद्र सप्तकाचं. म्हणजे एकच 'सां' एका वहीत वरचा आणि दुसरीत खालचा. मधल्या काळातल्या वहीत तर दोन्ही पद्धती मिसळलेल्या. अशा पानावर आम्ही आधी ताल बघायचो. समेला गुणाकाराची खूण आणि खालीला (जिथे टाळी देत नाहीत त्या मात्रेला) शून्य असेल तर भातखंडे. समेला एक आणि खालीला अधिकचं चिन्ह असेल तर पलुस्कर. त्यानेही उलगडलं नाही की गाऊन बघायचं; चुकीच्या सप्तकात चाल दोन ओळींत हास्यास्पद होते.

पण कोणती बंदिश सरांची आणि कोणती परंपरेतली, हे कोण सांगणार? सदारंग, प्रेमपिया, गुणीदास, रामरंग अशी मुद्रा, म्हणजे रचनाकाराचं टोपणनाव, शब्दांत असली की प्रश्न मिटतो. सरांनी मुद्रा कधी घातलीच नाही, आणि वर्गात स्वतःची बंदिश शिकवतानाही ती कुणाची हे ते सांगायचे नाहीत. तेव्हा ती विनम्रता वाटायची. आता खरं सांगायचं तर थोडा रागच आला. शेवटी छापील संग्रहांशी ताडून पाहिलं, इतर घराण्यांतल्या जाणकारांना ऐकवलं, आणि जिचा खाडाखोडीसह कच्चा आराखडा वहीत सापडला तीच सरांची धरली. शंका असलेल्या बंदिशी बाजूला ठेवल्या. त्यात एकदोन खूप सुंदर आहेत, पण पुराव्याशिवाय सरांच्या नावावर चढवणं त्यांना अजिबात खपलं नसतं.

त्यातही बागेश्री रागातली, मध्यलय तीनतालातली (सोळा मात्रांच्या तालातली) बंदिश आमच्या डोक्याला ताप झाली. वहीत पंचम (प) कुठेही नाही आणि मुखडा, म्हणजे समेवर आणणारा सुरुवातीचा तुकडा, नवव्या मात्रेवरून, खालीपासून उठतो. मला शिकवली त्यात अंतऱ्यावरून (बंदिशीच्या दुसऱ्या भागावरून) परतताना पंचमाला ओझरता स्पर्श आहे. माझ्या आधीच्या एका ताईंकडे मुखडाच बाराव्या मात्रेवरून. बागेश्रीत पंचम वगळणारेही आहेत आणि अवरोहात थोडा घेणारेही, त्यामुळे रागाच्या नियमावर बोट ठेवून कुणाला खोटं पाडता येईना. कॅसेटी लावल्या तर तिन्ही रूपं सरांच्याच आवाजात निघाली. ताईंचा दमसास कमी, म्हणून त्यांना मुखडा आखूड करून दिलेला. मला पंचम का दिला ते कॅसेटवरही कळलं नाही.

एक गट म्हणत होता की वहीतलं रूप प्रमाण मानून छापायचं. मला ते पटलं नाही. गळा बघून बंदिश बदलणाऱ्या माणसाच्या नावावर एकच पक्कं रूप चिकटवणं म्हणजे त्यांचं शिकवणंच गाळून टाकणं. पुष्कळ वादावादीनंतर वहीतलं रूप वर आणि बाकीची खाली, प्रत्येकापुढे ते कुठे सापडलं याची नोंद, असं ठरलं. पानं वाढली. टाइप करणाऱ्या मुलाने कोमल स्वरांच्या खालच्या रेघेसाठी आणि तीव्र मध्यमाच्या उभ्या रेघेसाठी वेदातली अनुदात्त-उदात्ताची चिन्हं वापरून युनिकोडमध्ये सगळं बसवलं, नाहीतर आम्ही हातानेच रेघा मारत बसलो असतो.

पहिल्या स्मृतिदिनाला भाषणं ठेवली नाहीत. बागेश्रीतली तीच बंदिश आम्ही तिघांनी एकापाठोपाठ, आपापल्या रूपात गायली. ताईंनी मुखडा बाराव्या मात्रेवरून उचलला आणि तबलजी क्षणभर गडबडला. कार्यक्रम संपल्यावर एक ज्येष्ठ गुरुबंधू थेट माझ्याकडे आले. अंतऱ्याची दुसरी ओळ आम्ही तिघंही चुकीची गातो म्हणाले, आणि त्यांच्याकडची कॅसेट पुढच्या रविवारी घेऊन येतो म्हणाले. छपाई तेवढी थांबवली आहे.