गॅस्केट बदललं, तरी ऑइल दुधाळ: माझा अनुभव

हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) बदलून गाडी हातात येते, थोडी पळते आणि ऑइल मोजायच्या पट्टीवर पुन्हा दुधाच्या चहाच्या रंगाचं, म्हणजे पाणी मिसळलेलं ऑइल दिसतं. मग सगळे एकच सांगतात: काम फसलं, हेड परत उतरवा. माझ्या डिझेल पिकअपच्या वेळी घरच्यांपासून मार्केटातल्या हमालांपर्यंत प्रत्येकाने हेच सांगितलं. ऐकलं असतं तर खर्च दुप्पट झाला असता, आणि दोष तिथे नव्हताच. बेळगावहून गोव्याला भाजी घालणारे आमच्यासारखे पुष्कळ आहेत. परतीच्या वाटेवर चोर्ला घाटाच्या चढाला गाडी तापणं त्यांना नवं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

माझी गाडी गोव्यातल्या साखळी गावाकडून वर येताना तापली. रेडिएटरचा होज फाटला होता. दुसऱ्या गाडीला बांधून बेळगावला आणली. एका गॅरेजमध्ये हेड उतरवलं, फेसिंग मारलं (त्याचा पृष्ठभाग घासून सपाट केला), नवं गॅस्केट बसवलं, ऑइल आणि फिल्टर बदलून गाडी दिली. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, मात्र खोललाच नाही. काही दिवसांत ऑइल परत पांढरट झालं.

मग उद्यमबागेतल्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी हेडला हात लावण्याआधी रेडिएटरच्या तोंडावर हातपंप आणि गेज बसवलं, साधारण १ बार दाब दिला आणि गाडी तशीच ठेवून दिली. सुई हलली नाही. इंजिन गरम करून पुन्हा तेच केलं, तरीही नाही. "अण्णा, गॅस्केट धरलंय. हे पाणी जुनंच हाय, आत अडकलेलं," ते म्हणाले.

आत म्हणजे कुठे, हे त्यांनी नीट समजावलं. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब ३-४ बारपर्यंत जातो आणि कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरमधल्या पाण्याचा, जेमतेम १ बार असतो. त्यामुळे ऑइलच्या आणि पाण्याच्या वाटा गॅस्केटपाशी फुटून एक झाल्या की चालत्या इंजिनात ऑइल पाण्यात शिरतं. पण इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब लगेच शून्य होतो. गरम कूलंटचा दाब मात्र बराच वेळ टिकतो आणि ते ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पंप ते घुसळतो आणि हा घट्ट काला ब्लॉकच्या बारीक वाटांत, ऑइल कूलरमध्ये, टर्बोच्या पाइपमध्ये, पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. चेंबरचा नट काढून ऑइल सोडलं तर यातलं फार थोडं बाहेर येतं. नवं ऑइल ओतलं की उरलेला काला त्यात मिसळतो आणि पट्टी पुन्हा पांढरी होते.

पहिलं काम त्यांनी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना केलं. चेंबरचा नट हळूहळू सैल केला. कूलंट ऑइलपेक्षा जड असतं, त्यामुळे सुटं पाणी तळाला बसतं आणि आधी तेच येतं. हिरवट पाण्याची धार आली, मग काला. त्यानंतर चेंबर उतरवला. पंपाच्या जाळीवर मऊ साय बसली होती. ती तशीच राहिली असती तर पंपाला ऑइल पुरेसं मिळालं नसतं. चेंबर उघडाच होता म्हणून एका कनेक्टिंग रॉडची टोपी काढून बेअरिंगही बघितलं. पृष्ठभाग थोडा मंद पडला होता, पण वरचा थर शाबूत होता, तांबं दिसत नव्हतं. हे बघून माझ्या जिवात जीव आला. तांबं दिसलं असतं तर क्रँकपर्यंतचं काम निघालं असतं.

ऑइल कूलर काढून त्याच्या पाण्याच्या वाटा बंद केल्या, ऑइलच्या बाजूने हवा दिली आणि पाण्यात बुडवला. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे फुटलेला नव्हता. तरी मी नवाच घातला. आतल्या अरुंद वाटा धुऊन कितपत निघतात याची खात्री कोणीच देत नाही. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवावेत, इथे नाही, असं माझं ठाम मत आहे.

पुढे स्वस्तातलं, पण योग्य ग्रेडचं मिनरल ऑइल आणि नवा फिल्टर. गाडी जागेवरच चालवून पूर्ण गरम करायची, भार द्यायचा नाही, गरम असतानाच ऑइल सोडायचं आणि फिल्टरसकट परत भरायचं. प्रत्येक वेळी जुना फिल्टर कापून घड्या उलगडून बघितल्या. आधी घडीघडीत काला होता, पुढे तो कमी होत गेला. शेवटी तापलेल्या पत्र्यावर ऑइलचा थेंब टाकला. पाणी असेल तर थेंब तडतडतो. डोळ्यांना चष्मा लावूनच हे करावं. तडतड थांबली आणि फिल्टरही स्वच्छ निघाला, तेव्हाच रोजचं ऑइल भरलं.

"गाडी पळवा, पाणी वाफ होऊन जाईल" हा सल्ला अर्धाच खरा आहे. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर लांबच्या पल्ल्यात ते बरंचसं उडतं. माझ्या गाडीत कूलंट होतं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल उकळायला १९७ अंश लागतात आणि चेंबरमधलं ऑइल तेवढं तापत नाही. पाणी उडालं तरी ग्लायकॉल मागे राहतं, त्याचं आम्ल होतं, ते बेअरिंग खातं. थेंबाची परीक्षाही पाणीच दाखवते, ग्लायकॉल नाही. म्हणून ऑइल स्वच्छ दिसल्यावरही आम्ही एकदा जादा बदललं आणि पुढची बदली नेहमीपेक्षा खूप लवकर केली.

चेंबरमध्ये डिझेल भरून इंजिन फिरवा, असंही एकाने सुचवलं होतं. मेस्त्रींनी साफ नकार दिला. डिझेल पातळ, बेअरिंगवर ऑइलचा थर टिकत नाही आणि आधीच दुखावलेलं बेअरिंग तिथेच जातं. सुटे केलेले भाग धुवायला डिझेल चालतं, चालत्या इंजिनात नाही.

रेडिएटरची बाजूही धुतली. थर्मोस्टॅट काढून, साबणाच्या पाण्याने, तवंग आणि फेस पूर्ण जाईपर्यंत. ऑइलने मऊ पडलेले रबरी होज बदलले. बोअरचं पाणी न घालता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं भरलं, हवा काढली.

काढलेलं सगळं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाकडे दिलं. आमच्याकडे जळकं ऑइल कुंपणाच्या खांबांना लावतात. हे ऑइल कृपा करून लावू नका, गटारातही सोडू नका. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्र्यांनी, जनावरांनी चाटलं तर जिवावर बेततं.

पावसाळ्यात ऑइलच्या टोपणाखाली पुन्हा फिकट फेस दिसला आणि पोटात गोळा आला. पण पट्टीवरचं ऑइल स्वच्छ होतं, कूलंटची पातळी जागची हलली नव्हती. त्या दिवसांत गाडी वडगाव ते मार्केट एवढीच फिरत होती. इंजिन पुरतं तापत नव्हतं आणि हवेतला ओलावा टोपणाला धरत होता. मेस्त्रींना फोटो पाठवला. "टोपणाला पुसा, लांब जाऊन या, मग पट्टी दाखवा की," एवढंच म्हणाले. कणकुंबीच्या पावसातून गोव्याला भाजी उतरवून आलो. टोपण कोरडं होतं, पट्टीही स्वच्छ होती.