परतीची वाट आणि सातबारा

जर्मनीत स्टुटगार्टला येऊन मला अकरा वर्षे झाली. सुरुवातीला सर्वांत जड गेला तो इथला रविवार: दुकाने बंद, रस्ते सामसूम, आणि मिक्सर लावला तर शेजारच्या आजी दार वाजवतील ही धास्ती, त्यामुळे शेंगदाण्याचा कूट शनिवारीच करून ठेवायची सवय लागली, ती आजतागायत आहे. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकून प्रत्येकी 25 सेंट परत घेणे मात्र पहिल्याच आठवड्यात जमले. (काटकसर आम्हाला कोणी शिकवावी लागत नाही.)

परतण्याचे गणित तितके सोपे नाही. जर्मनीने जून 2024 पासून दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली असली, तरी भारत ती देत नाही. म्हणजे जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते त्या कार्डावर, यायचे. त्या कार्डावर मतदान करता येत नाही, शेतजमीनही विकत घेता येत नाही. वारसाने मात्र ती मिळू शकते. कोरेगावला आमच्या रानाला लागून असलेला चुलत्यांचा तुकडा सध्या विकायला निघाला आहे. गेल्या दिवाळीत वडिलांनी सातबारा माझ्यापुढे ठेवला आणि काही न बोलता ते चष्मा पुसत बसले. नागरिकत्वाचा अर्ज भरून तयार आहे, सहीची जागा तेवढी अजून कोरी आहे.