तुम्ही विचारलंत म्हणून: त्सुशिमाला रशियनांनी जपानी संदेश का बुडवले नाहीत?

मी हौशी रेडिओवाला. त्सुशिमा म्हणजे १९०५ ची जपान-रशिया सागरी लढाई, जिच्यात रशियन ताफ्याचा धुव्वा उडाला. नौदलातल्या पहिल्या बिनतारीवाल्यांबद्दल कुठे बोललो की हा प्रश्न ठरलेला: रशियनांना जपान्यांचे संदेश मिळत होते, मग स्वतःच्या यंत्राच्या गोंगाटात ते बुडवता आले नसते का?

आले असते. सहज. तेव्हाचे ट्रान्समीटर ठिणगीचे, त्यांची लहर ऐसपैस पसरायची. संदेश घ्यायला 'कोहिरर', म्हणजे धातूचा कीस भरलेली काचेची नळी. लहर आली की कीस चिकटून वीज वाहू लागे, मग छोटी हातोडी टिचकी मारून तो सुटा करी, आणि कागदी पट्टीवर टिंब किंवा रेघ उमटे. या नळीला आपलं-परकं काही कळत नसे. दूर वीज चमकली तरी टिंब! बिनतारीवाल्याचं अर्धं कसब पट्टीवरच्या कचऱ्यातून शब्द वेचण्यात, उरलेलं दुसरा बोलत असताना स्वतःची कळ न दाबण्यात. गल्लीतून डीजेची वरात जात असताना फोनवर बोलून बघा, म्हणजे कळेल.

रशियनांना हे ठाऊकही होतं. एप्रिल १९०४ मध्ये जपानी क्रूझर डोंगराआडून पोर्ट आर्थर या रशियन नौदल तळावर तोफा डागत होत्या, आणि गोळे कुठे पडताहेत ते दुसरी जहाजं बिनतारीने कळवत होती. रशियनांनी 'पोबेदा' युद्धनौकेवरून आणि किनाऱ्यावरच्या केंद्रावरून ठिणग्यांचा मारा करून ते संदेश बुडवले. साठाहून अधिक गोळे वाया गेले.

आता २७ मे १९०५. पहाटे ४:४५ ला 'शिनानो मारू' या जपानी टेहळणी जहाजाने रशियन ताफा दिसल्याचं कळवलं. ते मधल्या 'इत्सुकुशिमा' जहाजामार्फत कोरियाच्या किनाऱ्याला थांबलेल्या जपानी ॲडमिरल तोगोच्या 'मिकासा' युद्धनौकेपर्यंत पोचलं. पुढे जपानी 'इझुमी' क्रूझर तासन्‌तास रशियनांच्या नजरेसमोर राहून त्यांची दिशा नि रचना कळवत राहिली. रशियन ताफ्यात 'उराल' नावाचं जहाज होतं, त्यावरचं यंत्र बाकीच्यांपेक्षा कितीतरी ताकदवान. त्याच्या कप्तानाने जपानी संदेश बुडवायची परवानगी मागितली. रशियन ताफ्याचा प्रमुख ॲडमिरल रोझेस्टवेन्स्की याचं उत्तर आलं: जपान्यांच्या संदेशांत अडथळा आणू नका.

असं का? त्याने ताफ्याला बिनतारी मौन पाळायला लावलं होतं, आणि पहाटेपर्यंत ते शहाणपणाचंच होतं. पण 'इझुमी' शेजारून चालत असताना लपवायचं काय उरलं होतं? मला वाटतं, झेंड्यांच्या खुणांवर वाढलेल्या त्या पिढीला बिनतारी हे निरोप्याचं काम वाटायचं, हत्यार नव्हे. हा माझा अंदाज, वाद घाला खुशाल.

लढाईचा निकाल फिरला असता असं मी म्हणणार नाही. निम्म्या पृथ्वीला वळसा घालून आलेली, कोळशाने जड झालेली जहाजं होती ती. फार तर तोगोला समोर काय येतंय ते इतकं नेमकं आधी कळलं नसतं. 'उराल' त्याच दुपारी बुडालं. त्याच्या बिनतारीवाल्यांना मात्र बोल लावू नका. हुकूम त्यांच्या हातात नव्हता.