घरी जुळवलेलं यंत्र घेऊन लोहगावहून उडताना

घरी जुळवलेलं इलेक्ट्रॉनिक यंत्र घेऊन पुण्याहून विमानाने निघायचं, तर पहिला मुक्काम बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा बाजार. दिल्लीला प्रदर्शन असो की बेंगळुरूला स्पर्धा, आमची हौशी मंडळी आधी तिथे चक्कर मारतात. आणायचं काय, तर बोर्ड उचलून बसवायचे पितळी स्टँडऑफ, तारा जोडता-सोडता येणारे जेएसटी कनेक्टर, पारदर्शक झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि बोटांनी फिरवता येतील असे एम-३ मापाचे मोठ्या डोक्याचे स्क्रू. सुरक्षा तपासणीतली बरीचशी खळखळ एवढ्या सामानावर टळते. कशी, ते ओघाने येईलच.

आधी तपासणीच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला काय दिसतं ते समजून घेऊ. सामानाचं एक्स-रे यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांवर वस्तू पाहतं आणि पदार्थानुसार रंग देतं. कागद, कापड, खाद्यपदार्थ, प्लास्टिक, गोंद असलं सेंद्रिय सगळं नारिंगी. अ‍ॅल्युमिनियमसारखे हलके धातू आणि मिश्र वस्तू हिरव्या. तांबं, पोलाद निळं. किरण ज्यातून पारच जात नाहीत ते काळं. सोल्डरच्या तारेचं रीळ असं काळंकुट्ट दिसतं. लॅपटॉपमध्येही बॅटरी, तारा, बोर्ड असतात, पण त्याचा आकार ओळखीचा. आपण ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता तारा खोचायच्या भोकांच्या पाटीवर, जंपर तारांचं जंजाळ केलेलं असतं, ते हलू नये म्हणून वर हॉट ग्लू नाहीतर एम-सील थापलेलं असतं आणि शेजारी चिकटपट्टीत गुंडाळलेले तीन सेल. पडद्यावर नारिंगी गोळा, त्यात शिरलेल्या निळ्या तारा आणि लगत बॅटरी. हे चित्र बघून पट्टा थांबवला नाही तर तो माणूस पगार कशाचा घेतो?

याची जगभर गाजलेली घटना बोस्टनच्या लोगन विमानतळावरची, सप्टेंबर २००७ मधली. एमआयटीची एक विद्यार्थिनी छातीवर ब्रेडबोर्ड, एलईडीचे दिवे आणि ९ व्होल्टची बॅटरी लावलेला स्वेटशर्ट घालून कुणाला तरी आणायला गेली होती आणि हातात मळायच्या मातीचा गोळा होता. बंदुका रोखून तिला ताब्यात घेतलं. त्या सजावटीत घातक काही नव्हतं, पण लांबून पाहणाऱ्याला ते कळायला मार्ग नव्हता. पुण्याने तर १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीतला आणि १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावरचे स्फोट पाहिले आहेत. त्यात आपला लोहगावचा विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ. इथे कुणी डबा उघडायला लावला म्हणून तोंड वाकडं करण्यात अर्थ नाही.

सगळ्या यंत्रांना सारखाच त्रास होतो असं मात्र नाही. गिटारचं इफेक्ट पेडल, घरी बनवलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा ही सोपी गिऱ्हाइकं: डब्यावर नॉब असतात, जॅक असतो, वाजवून दाखवता येतं. हवेतले कण मोजणारा डबा मधला. पीव्हीसी पाइपात बसवून दोन्ही बाजूंनी टोप्या घातलेला सेन्सर, मग तो जमिनीतला ओलावा मोजणारा असो की कंपनं टिपणारा, फार अवघड. तो पाइप हातातल्या सामानात नेऊच नये. टोप्या काढून, आतलं बाहेर काढून, दोन्ही वेगवेगळं चेक-इन बॅगेत टाकावं.

पण सगळ्यात बिकट वस्तू म्हणजे जुन्नर-बारामतीकडे शेताशेतात दिसणारा मोटरचा मोबाइल स्टार्टर. कारखान्यातून आलेला असेल तर छापील डबा असतो. घरी केलेल्याच्या पोटात सिमकार्ड घातलेलं जीएसएम मॉड्यूल (फोनचं नेटवर्क पकडणारा भाग), एक आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) आणि १८६५० मापाचा लिथियम सेल. फोन केला की रिले टक् करून चालू होतो. रात्री-अपरात्री लाइट आल्यावर विहिरीवर पळावं लागू नये, एवढ्यासाठी केलेला हा उद्योग. पण दुरून फोनने चालू होणारी, बॅटरीवरची, अनोळखी पेटी असं त्याचं वर्णन झालं, तर पुढचं बोलणं लांबतं. म्हणून सिमकार्ड काढून पाकिटात ठेवावं, सेल काढावा, रिलेच्या स्क्रू-टर्मिनलला एकही तार लोंबत ठेवू नये आणि झाकणावर मोठ्या अक्षरात ‘पंप मोटर स्टार्टर’ असं लिहावं. सोबत शेतातल्या पॅनेलवर तो बसवलेला असतानाचा फोटो ठेवावा. त्या एका फोटोने जेवढं काम होतं तेवढं दहा मिनिटांच्या भाषणाने होत नाही. विमानात जीएसएम मॉड्यूल चालू ठेवायचं नसतंच, त्यामुळे सिम आणि सेल काढलेले असणं नियमाच्याही बाजूचं.

आता जुळणीकडे. ब्रेडबोर्ड घरी ठेवा आणि सर्किट झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसत्या भोकांच्या कोऱ्या बोर्डावर, सोल्डर करून घ्या. ब्रेडबोर्डवरच्या तारा बॅगेच्या धक्क्यांनी निसटतात हा वेगळाच मनस्ताप. हॉट ग्लूऐवजी स्टँडऑफ वापरा. तारा लागतील तेवढ्याच लांबीच्या कापा आणि टोकांना जेएसटी कनेक्टर लावा, म्हणजे बोर्ड, सेन्सर, पडदा हे भाग सुटे करून एकेक दाखवता येतात. झाकण पारदर्शक घ्या, आणि ते हाताने उघडेल असं बघा. इथे भलेभले फसतात. डबा चार फिलिप्स स्क्रूंनी घट्ट बंद केलेला, आणि स्क्रू-ड्रायव्हर हातातल्या सामानात चालत नाही म्हणून चेक-इन बॅगेत गेलेला. तपासणारा म्हणतो उघडा, आणि आपण बघत बसतो. बोटांनी फिरणारे स्क्रू आणायचे ते यासाठी.

बॅटरीचा हिशेब वॅट-अवरमध्ये चालतो: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १८६५० चा २६०० मिलीअँपिअर-अवरचा एक सेल ३.७ व्होल्टने धरला तर ९.६ वॅट-अवर. तसे सहा सेल जोडलेला ११.१ व्होल्टचा पॅक ५७.७. २०,००० मिलीअँपिअर-अवरची पॉवर बँक ७४. इथे काही जण ५ व्होल्टने गुणतात आणि १०० उत्तर आल्यावर उगाच घाबरतात, सेलचा व्होल्टेज धरायचा असतो. १०० वॅट-अवरपर्यंत सुटी बॅटरी हातातल्या सामानात चालते, १०० ते १६० च्या मधली विमान कंपनीच्या आगाऊ परवानगीने जास्तीत जास्त दोन, आणि त्यावरची प्रवाशाने न्यायचीच नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीही टाकायच्या नाहीत. प्रत्येक सेल वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत, टोकांवर टेप.

इतकं गणित करूनही घरी जोडलेला पॅक नाकारला जाऊ शकतो, कारण त्यावर कंपनीची छापील क्षमता नसते. आपण चिकटवलेलं लेबल म्हणजे आपलाच दाखला. यावर आमचं ठाम मत असं की यंत्राला बॅटरी देऊच नये. त्याला यूएसबीचं तोंड द्यावं आणि क्षमता छापलेली बाजारातली पॉवर बँक सोबत न्यावी.

त्यात एक मेख आहे. बऱ्याच पॉवर बँका करंट फार कमी झाला की फोन निघाला असं समजून बंद पडतात, साधारण ५० ते १०० मिलीअँपिअरच्या खाली. आपला कंट्रोलर मधेमधे झोपणारा असेल तर नेमका अधिकाऱ्यासमोर पडदा काळा होतो. त्यासाठी ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये ४७ ओहमचा रेझिस्टर टाका. तो सुमारे १०६ मिलीअँपिअर ओढतो. त्यात अर्ध्या वॅटहून थोडी जास्त उष्णता होते, म्हणून पाव वॅटचा लावला तर जळेल. २ वॅटचा घ्या, बोर्डापासून थोडा उचलून बसवा, आणि प्रवास झाला की काढून टाका.

यंत्र चालू होताच पडद्यावर काय दिसतं, हेही तपासा. हवेतले कण मोजणाऱ्या पीएमएस५००३ सेन्सरचे आकडे स्थिरावायला ३० सेकंद लागतात, म्हणून काही जण उलटी मोजणी दाखवतात: ३०, २९, २८. बाकी कुठेही चालेल, विमानतळावर नको. तिथे सरळ ‘हवा मापक’ एवढं दिसू द्या. बझरची तार काढून ठेवा. अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या पिनांजवळ ‘ट्रिग’ आणि ‘एको’ छापलेलं असतं. कुणी विचारलं तर ‘इथून आवाज सोडायची सूचना जाते’ असं सांगावं. टायमर, ट्रिगर हे शब्द आपल्यात रोजचे, टेबलापलीकडच्या माणसाला त्यांचा अर्थ वेगळा लागतो. आणि बॉम्बवरून विनोद तर मित्राशी कुजबुजतही करू नये. तो विमानतळ पोलीस ठाण्यात जाऊन संपतो.

कागद एकच पुरे: एका बाजूला उघड्या डब्याचा फोटो, भागांना बाण आणि नावं, दुसऱ्या बाजूला उपयोग, नाव, मोबाइल आणि कार्यक्रमाचं निमंत्रण किंवा कॉलेजचं पत्र. इंग्रजी आणि हिंदीत. हॅम (हौशी) रेडिओचा संच असेल तर परवान्याची प्रत. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं उपकरण मात्र आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय बाळगणं हाच गुन्हा, तिथे कागद करून उपयोग नाही.

शहरातून निघताना मेट्रो सोयीची. वनाजहून रामवाडीपर्यंत, पुढे बस किंवा रिक्षा. मेट्रोतही बॅग तपासतात, त्यामुळे कागद वरच्या कप्प्यात ठेवा. गाडीने गेलात तर गुंजन चौक आणि विमाननगर वेळ खातात. नेहमीपेक्षा पाऊण तास आधी पोहोचावं. जुलै २०२४ पासून चालू झालेल्या नव्या टर्मिनलमध्ये जागा ऐसपैस आहे. चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या डिजियात्रेने दारातली रांग वाचते, बॅगेची वाचत नाही.

तपासणी सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाकडे. ट्रेमध्ये लॅपटॉप आणि पॉवर बँक काढतोच, त्यांच्याबरोबर यंत्राचा डबाही स्वतंत्र ट्रेमध्ये, झाकणाची बाजू वर ठेवून, त्यावर कागद ठेवून सोडा. बॅगेत तसाच राहिला तर चार्जर, हेडफोन, शिधा यांच्या तारा आणि गोळे त्याच्यावर येऊन पडद्यावर नुसती भेळ होते. ट्रे सरकवण्याआधी सांगून टाकावं. जवान देशभरातून आलेले असतात, म्हणून हिंदीत आणि एका वाक्यात: ‘सर, ये हवा नापने का यंत्र है, घर पे बनाया है, खोल के दिखाता हूँ.’ मायक्रोकंट्रोलरवर व्याख्यान नको. ‘चलाके दिखाओ’ म्हटलं की पॉवर बँक जोडायची, सेन्सरवर फुंकर मारायची, आकडा हलतो. पण सांगितल्याशिवाय वस्तूला हात लावू नका, ट्रेकडे झेप तर अजिबात घेऊ नका.

कधी कधी पांढरी पट्टी डब्यावरून, झिपवरून फिरवतात आणि एका यंत्रात घालतात. स्फोटकांचे सूक्ष्म अंश शोधायची ती चाचणी. काही सेकंदांत निकाल येतो. नायट्रेटचं खत किंवा हाताला लावायचं ग्लिसरीनचं क्रीम यांनी ती उगाच वाजू शकते. यंत्र शेतात वापरलेलं असेल तर खताचा संपर्क आला आहे हे चाचणीआधीच सांगावं. पुन्हा तपासतील, वरिष्ठांना बोलावतील, थोडा वेळ जाईल.

सोल्डरिंग आयर्न, पक्कड, कटर, सोल्डरचं रीळ हे चेक-इन बॅगेत, एका पारदर्शक पिशवीत एकत्र. आयसोप्रोपिल अल्कोहोल, क्लीनरचे स्प्रे आणि गॅसवर चालणारं आयर्न कुठल्याच बॅगेत नाही. चेक-इन बॅगेवरून परत बोलावणं आलं तर आधी पॉवर बँक आत राहिली का ते आठवा, बहुधा तीच असते.

बॅटरी नाकारलीच तर वाद न घालता सोडून द्यावी. म्हणूनच महागडा पॅक नेऊ नये. दिल्लीत लाजपत राय मार्केट, बेंगळुरूत एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट आहे; सेल तिथे मिळतात. १२ व्होल्टची ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी ८४ वॅट-अवरची, म्हणजे नियमात बसते, पण दोन किलोंचा तो ठोकळा उचलून नेण्यापेक्षा तिकडेच घ्यावी आणि यजमानांना देऊन यावी.

परतीला तपासणी पुन्हा पहिल्यापासून. प्रदर्शनात घाईघाईत जोडलेल्या जास्तीच्या तारा, टेप आणि ग्लू आदल्या रात्री काढून टाका, फोटोतला डबा आणि हातातला डबा एकसारखे दिसले पाहिजेत. विमानांचे सिग्नल पकडणारा एसडीआर रिसीव्हर (संगणकाला जोडायचा रेडिओ) सोबत असेल तर तो लोहगावच्या टर्मिनलमध्ये उघडून बसू नका, आणि उतरताना खिडकीतून धावपट्टीचे फोटोही नकोत. रिसीव्हर घरी गेल्यावर, गच्चीवर.