तुम्ही विचारलंत म्हणून: पेन्शन कशाची?

अजिंक्यताऱ्याच्या चढावर दम खायला थांबलं की कुणीतरी हा विषय काढतंच. "साहेब, नौदलातून 54 व्या वर्षी कमांडर म्हणून रिटायर झालात. आता लढाई नाही, बोट नाही. मग सरकार पेन्शन देतं ती कशाची?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण चढावर उत्तर पुरं होत नाही, म्हणून लिहितोय.

उत्तर जुन्या इंग्लंडपासून सुरू करतो. 1665 ते 1667 इंग्रज आणि डच समुद्रावर लढले. इंग्लंडच्या तिजोरीत खडखडाट होता, खलाशांच्या हातात पगाराऐवजी 'पैसे नंतर देऊ' अशा चिठ्ठ्या पडायच्या. जून 1667 मध्ये डच आरमार थेट इंग्लंडच्या मेडवे नदीत शिरलं, नांगरलेली जहाजं जाळली आणि 'रॉयल चार्ल्स' हे इंग्रजांचं मोठं जहाज ओढून घेऊन गेलं. त्या डच जहाजांवर इंग्रज खलाशीही होते. आधी चिठ्ठ्यांसाठी लढलो, आता रोख पैशासाठी लढतोय, असं ते आपल्याच लोकांना ओरडून सांगत होते. इंग्रज आरमाराच्या कचेरीतल्या सॅम्युएल पेपीसने हे नोंदवून ठेवलंय. मी पुरवठा शाखेतला माणूस. खलाशाचा पगार चार दिवस अडकला तरी त्याचं तोंड कसं उतरतं, ते मी टेबलापलीकडून पाहिलंय. हा प्रसंग मला विसरता येत नाही.

1668 मध्ये याच इंग्रज आरमारात ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांना काम नसतानाही अर्धा पगार सुरू झाला. 1674 मध्ये मोठ्या जहाजांचे कप्तानही त्यात आले. जहाज गोदीत बांधून ठेवता येतं. ते चालवणारा माणूस एकदा पोटामागे दुसरीकडे गेला की लढाईच्या दिवशी कुठून आणणार? आणि हे फुकट नव्हतं. 1677 पासून लेफ्टनंट व्हायला समुद्रावरची 3 वर्षं आणि परीक्षा, दोन्ही लागायला लागलं.

पुढे हे अंगाशीही आलं. 1815 ला नेपोलियनशी लढाई संपली आणि लाखावर माणसांचं आरमार दोन-तीन वर्षांत 20 हजारांच्या आसपास आलं. बहुतेक अधिकारी अर्ध्या पगारावर घरी. निवृत्तीचं वय नाही, वरची बढती ज्येष्ठतेने; म्हातारे हलेनात आणि तरुण लेफ्टनंट तिथेच पिकले. म्हणून मला 54 व्या वर्षी उठवलं याचं वाईट वाटत नाही. मी जागा सोडली नाही तर मागचा पोरगा पुढे येणार कसा?

मला सलतं ते वेगळंच. साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा मित्र शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठराविक वर्षांच्या नेमणुकीवर, अधिकारी म्हणून नौदलात आला. ते कमिशन जास्तीत जास्त 14 वर्षांचं, आणि अधिकाऱ्याच्या पेन्शनला सेवा लागते 20 वर्षांची. शेवटच्या दिवशी त्याने पांढरा गणवेश इस्त्री करून काळ्या ट्रंकेत ठेवला, खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या रुमालात गुंडाळल्या आणि सांगलीची गाडी पकडली. हातात ग्रॅच्युइटी, पेन्शन शून्य. चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा नोकरी शोधायची.

17 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने नौदलातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत नोकरीत राहण्याचा, हक्क दिला. त्या रात्री त्याचा फोन आला. पोरींना न्याय मिळाला म्हणून तो मनापासून खूश होता. बराच वेळ बोललो. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "पट्ट्या अजून त्याच रुमालात आहेत रे."