तुम्ही विचारलंत म्हणून: सायकल खांद्यावर का?

नवऱ्याने फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून हा प्रश्न माझ्यामागे आहे. फोटोत मी पोटरीपर्यंत काळ्या चिखलात आहे, सायकल उजव्या खांद्यावर आहे आणि मी नाल्याचा काठ चढते आहे. रामबागेतल्या काकूंनी विचारलं, शाळेत टीचर्स रूममध्ये विचारलं, इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरवताना एका ओळखीच्या बाईंनी विचारलं, "खांद्यावर घेऊनच पळायचं, तर सायकल कशाला?" जरा जाणती माणसं त्याच्या पुढचं विचारतात आणि तो प्रश्न मला जास्त आवडतो: "उचलायची कशाला? हातात धरून ढकलत न्यायची ना!"

परवा जिन्यात तुम्हीही हेच विचारलंत. उभ्या उभ्या सांगून झालं नसतं, म्हणून लिहिते.

या खेळाचं नाव सायक्लोक्रॉस. युरोपात हिवाळ्यात खेळतात. अडीच ते साडेतीन किलोमीटरची एक फेरी आखतात. तीत गवत, चिखल, वाळू, उभे चढ, कधी पायऱ्या. आंतरराष्ट्रीय शर्यतीत टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, म्हणजे रस्त्यावरच्या सायकलीपेक्षा थोडाच जाड. वाटेत मुद्दाम आडव्या फळ्या उभ्या करतात, जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर उंच. शर्यत अंतरावर नसते, वेळेवर असते. अव्वल पुरुषांसाठी साधारण तासभर. पुढचे लोक फेरीला किती वेळ घेतात ते पाहून एकूण फेऱ्या ठरतात आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजते. फ्रान्सने याची राष्ट्रीय स्पर्धा १९०२ साली भरवली. पहिलं जागतिक विजेतेपद १९५० साली पॅरिसला झालं; ते झाँ रोबिकने जिंकलं, तीन वर्षांपूर्वी तूर द फ्रान्स ही रस्त्यावरची मोठी शर्यत जिंकलेला तोच. बायकांना मात्र जागतिक विजेतेपदासाठी २००० सालापर्यंत थांबावं लागलं. पुढे नेदरलँड्सच्या मारियाने फोसने ते आठ वेळा मिळवलं, पहिलं २००६ साली आणि आठवं २०२२ साली. मधली सोळा वर्षं मी पुन्हा पुन्हा मोजते, कारण मी स्वतः हा खेळ सुरू केला तो एक्केचाळिसाव्या वर्षी.

इंदूरमध्ये हे आलं माझ्या भाच्यामुळे. तो शिकायला दोन हिवाळे बेल्जियममध्ये होता आणि तिथे गावोगावच्या हौशी शर्यतींत उतरायचा. फ्लेमिश लोक या खेळाला 'फेल्डरायडन' म्हणतात, अर्थ सरळ 'शेतात सायकल चालवणं'. परत आल्यावर तो म्हणाला, "मावशी, शेत तर आपल्याकडेही आहे." इंदूरजवळच्या सिमरोळ गावाच्या अलीकडे माझ्या मामांचं शेत आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी-रविवारी, सोयाबीन निघाल्यावर, आम्ही अकरा जण तिथे जमलो. त्यात बायका तीन. कुणाची जाड टायरची डोंगरी सायकल (एमटीबी), कुणाची डोंगरी आणि रस्त्याची यांच्या मधली हायब्रिड, माझी जुनी घेतलेली स्टीलची सायकल. टायरची रुंदी कुणी मोजली नाही. भाच्याने चुन्याने सव्वा किलोमीटरची फेरी आखली: गोठ्यामागची गवताची पट्टी, मग मोकळं वावर, नाल्याकडे उतार, काठाचा उभा चढ, बांधावरून परत आणि गोठ्यासमोर दोन फळ्या, चार मीटरच्या अंतराने. घंटा मी शाळेतून मागून आणली होती, पितळेची, लाकडी मुठीची. दोन्ही दिवस चाळीस-चाळीस मिनिटं.

शनिवार कोरडा होता. माती वरून कडक आणि भेगाळायला लागलेली. भेगेच्या दिशेने चाक गेलं की आत शिरतं, म्हणून ती तिरकी ओलांडायची. बाकी नुसता वेग. सुरुवातीलाच सगळे जिवाच्या आकांताने सुटतात, कारण गवताची पट्टी अरुंद. तिच्यात पुढे शिरला त्याला मोकळी वाट, मागच्याला रांग. पहिल्या दोन मिनिटांत छाती फुटायला येते आणि पुढची अडतीस मिनिटं ती तशीच राहते. दम खायला जागाच नसते, वळण संपतं तिथे फळ्या येतात.

फळ्यांशी काय करायचं ते महिनाभर संध्याकाळी मैदानावर घोटलं होतं. चालत्या सायकलवरून उजवा पाय मागून डावीकडे आणायचा. एका पायावर तोल धरून, वेग न मोडता, डावा पाय पेडलवरून सोडून जमिनीवर धावत यायचं. डावा हात हँडलवर, उजवा वरच्या नळीवर. सायकल उचलायची, दोन फळ्या ओलांडायच्या, खाली ठेवायची आणि धावता धावता पुन्हा टांग मारायची. बसताना सीटवर सरळ आदळायचं नाही, उजव्या मांडीच्या आतल्या बाजूने घसरत यायचं. हे सगळं डावीकडूनच, कारण चेन आणि दातेरी चक्र उजवीकडे असतं. माझे बाबा ऑफिसला निघताना असंच करायचे. डावा पाय पेडलवर, उजव्याने दोनदा जमीन रेटायची आणि चालत्या सायकलवर टांग. त्या पिढीतल्या प्रत्येकाला हे येत होतं. आपण ते विसरलो, बेल्जियमच्या पोरांना अजून शिकवतात.

शनिवारी मी सातवी आले.

रात्री शेतावरच मुक्काम होता. साडेअकराच्या सुमाराला पत्र्यावर पहिला थेंब वाजला आणि मग परतीच्या पावसाने तीन तास झोडपलं. मामा अंधारातच म्हणाले, "उद्या तुमचं काही खरं नाही." भाच्याच्या चेहऱ्यावर मात्र पहाटे आनंद मावत नव्हता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या रविवारच्या मातीत आहे.

आपली माळव्याची काळी माती बेसाल्टच्या झिजेतून झालेली. तिच्यात फुगणारी चिकणमाती असते, पातळ पातळ पापुद्र्यांची. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरलं की ती फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. वरची माती भेगांतून खाली जाते, म्हणून तिला आपणहून नांगरली जाणारी माती म्हणतात. गहू-हरभऱ्याला ती सोनं आहे, कारण ओल महिनोनमहिने धरून ठेवते. पण चिंब भिजलेली असताना ती ज्याला लागेल त्याला सोडत नाही. वाळूचा चिखल चाकावरून उडून जातो. हा चाकाला गुंडाळला जातो. टायर आणि फोर्क, म्हणजे चाक धरणारा दुहेरी दांडा, यांच्यात बोटभर फट असते. त्या फटीत आधी माती, मग मातीला सोयाबीनचे बुडखे आणि पाचोळा, की झाला पक्का लिंपा. चाक फिरायचं थांबतं.

इथे ढकलण्याचा प्रश्न येतो. मीसुद्धा पहिल्या फेरीत ढकललीच. वावरात शिरल्यावर चाक जड झालं, उतरले, हँडल धरून पळायला लागले. पंधरा-वीस पावलांत पुढचं चाक अडकलं आणि मी सायकल नांगरासारखी ओढत होते. ढकलतानाही चाक मातीवरूनच फिरतं ना! बसून चालवा किंवा हाताने ढकला, माती तितकीच भरते. ती न भरण्याचा एकच उपाय: चाक मातीला लागूच द्यायचं नाही. म्हणून खांद्यावर.

हे कळलं तेव्हा मी दुसऱ्या फेरीत वावर सुरू व्हायच्या वीस पावलं आधी, चांगल्या गवतावरच उतरले. चालवता येत होती, तरी उतरले. माझ्या पुढचे दोघे तरुण होते, ताकदीचे. ते बसून घुसले. एकाला निम्म्या वावरात थांबून बोटांनी माती उकरावी लागली. दुसऱ्याने अडकलेल्या चाकावर जोर लावला आणि मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, चाकाच्या आऱ्यांत जाऊन ज्या पट्टीला टांगलेला असतो तिच्यासकट तुटला. त्याची शर्यत तिथेच संपली. तो आवाज ऐकून मला फार वाईट वाटलं, नवी सायकल होती त्याची. मी दोघांच्याही बाजूने, बांधालगतच्या गवतावरून पळत गेले. बुटांना माती लागत होतीच, पण बूट फिरायचे नसतात. पलीकडे गवत लागलं तिथे सायकल खाली ठेवली आणि माझी चाकं मोकळी होती. टांग मारली आणि उतारावर सुटले.

सायकल खांद्यावर घ्यायचीही रीत आहे. उजवा हात चौकटीच्या त्रिकोणातून, खालच्या नळीखालून पुढे काढायचा आणि हँडलचं डावं टोक पकडायचं. वरची नळी खांद्यावर बसते, डावा हात मोकळा राहतो. या खेळाच्या सायकलींना म्हणूनच पाण्याची बाटली सहसा नसते, ती नेमकी त्या त्रिकोणात येते. मला ही रीत शिकताना एक गोष्ट आठवत राहिली. आठ वर्षांची असताना बाबांची मोठी सायकल मी कैंची मारून चालवायचे, दांड्यावरून पाय जात नव्हता म्हणून त्रिकोणातून पाय घालून. त्याच त्रिकोणातून आता हात जातो.

व्यावसायिक शर्यतीत दर थोड्या वेळाने सायकल बदलतात. पिट नावाची ठरलेली जागा असते. मेकॅनिक तिथे धुतलेली सायकल घेऊन उभा, खेळाडू मळकी टाकतो, स्वच्छ घेऊन निघतो. बदल फक्त तिथेच करता येतो. इतरत्र बिघाड झाला तर पिटपर्यंत सायकल घेऊन पळत या. आमचा पिट गोठ्याजवळ होता. दुसरी सायकल कुणाकडे नव्हती, तर माझा नवरा बादली आणि मामींचा जुना कालथा घेऊन उभा होता. तीन फेऱ्यांत त्याने असा हात बसवला की सहा-सात सेकंदांत फोर्कमधला लिंपा निघायचा. हँडल मी धरायचे, मागचं चाक तो उलटं फिरवायचा, आणि माती सोलल्यासारखी एका फटक्यात खाली. मग बाकीच्यांनाही तो तेच करून द्यायला लागला. आधी विचारून, "थांबता की जाता?"

भाच्याने घंटा वाजवली तेव्हा मी चौथी होते आणि चौथीच राहिले. पुढच्या तिघांत आमच्यापैकीच एक मुलगी होती, बावीस वर्षांची. काठाच्या चढावर ती माझ्या दुप्पट वेगाने गेली. तो चढ मला चालवत एकदाही जमला नाही, दोन्ही दिवस खांद्यावरच. वर पोचल्यावर गुडघे थरथरायचे आणि लगेच बांधाची अरुंद पट्टी असायची, हात तेवढे स्थिर ठेवायचे. फोटो तिथलाच आहे. माझा चेहरा त्यात वेदनेचा दिसतो असं काकू म्हणाल्या. वेदना होतीच. पण तुम्हाला मनापासून सांगते, इतकी पूर्ण जागी मी वर्षानुवर्षांत झाले नव्हते. पुढचं पाऊल गवतावर की मातीवर, एवढा एकच विचार डोक्यात असतो आणि तो पुरतो.

शर्यतीनंतर कुणीतरी माझी सायकल मामांच्या धान्याच्या काट्यावर ठेवली. एरवी साडेअकरा किलो. त्या वेळी सोळा किलो भरली, तीही कालथा लावून लावून. ज्याने शेवटपर्यंत ढकलत नेली त्याची अठरावर गेली.

सोमवारी शाळेत उजवा खांदा वर होत नव्हता. आठवडाभर तिथे एक लांबट निळा वळ होता, आणि फळ्यावर लिहिताना त्याची आठवण व्हायची. सायकल रामबागेतल्या आमच्या सायकलवाल्या काकांकडे नेली. त्यांनी ब्रेक खोलला, कॅलिपरमधून वाळलेली माती खडूसारखी काढून बाकड्यावर ठेवली आणि तुमचाच प्रश्न विचारला. मी वरचं सगळं त्यांना सांगितलं, चाकाला माती, खांदा, त्रिकोण. ते काही बोलले नाहीत. सायकल स्टँडवरून काढली, त्रिकोणातून स्वतःचा हात घातला आणि खांद्यावर घेतली. दुकानासमोर चार पावलं चालले आणि परत येऊन खाली ठेवली.

"बाई, मागच्या ब्रेकची केबल नळीच्या खालून गेली आहे. ती रुतते तुम्हाला."

मग त्यांनी क्लिपा काढल्या, केबल वरच्या बाजूने आणली आणि प्लास्टिकच्या चार पट्ट्यांनी आवळली. पट्ट्यांची टोकं कापून त्यावरून बोट फिरवून पाहिलं, कुठे टोचत नाही ना.